ट्रेकसाठी काटक्यांवर चालणारी शेगडी घरी कशी बनवायची?

गडवेडा_सातारा:
मंडळी नमस्कार. आम्ही चार-पाच जण थंडीत मुक्कामी ट्रेक करतो, छोटा गॅस नेतो पण त्याचे कार्ट्रिज आमच्याकडे दुकानात मिळत नाहीत, मागवावे लागतात आणि रेल्वेत तर नेताच येत नाहीत. म्हणून काटक्यांवर चालेल अशी हलकी शेगडी घरीच करावी म्हणतोय. व्हिडिओ बघितले, कोणी एकाच डब्याला भोकं पाडतंय, कोणी डब्यात डबा घालतंय, नक्की फरक काय पडतो? तीन दगड मांडले तरी चहा होतोच की. वेल्डिंग येत नाही, घरात हातोडी, खिळे, पत्र्याची कात्री आणि ड्रिल आहे. पुढच्या महिन्यात हरिश्चंद्रगड आहे, त्याआधी करायचीये.

काटकी_कोळसा:
डब्यात डबाच कर. लाकूड तापलं की आधी धूर सोडतं आणि तो धूर म्हणजेच जळण असतं, तीन दगडांत तो न जळताच निघून जातो म्हणून डोळे चुरचुरतात आणि भांड्याचं बूड काळं होतं. दोन डब्यांच्या मधल्या फटीतून हवा वर चढताना तापते आणि आतल्या डब्याच्या वरच्या भोकांतून आत येऊन तोच धूर पेटवते. नीट पेटली की त्या भोकांपाशी गॅसच्या बर्नरसारख्या ज्वाळा दिसतात, धूर जवळपास नाहीच.

आत 1 किलोचा रसगुल्ल्याचा डबा, बाहेर दूध पावडरचा किंवा तसाच मोठा, व्यासात 2-3 सेंमीचा फरक पाहिजे. बाहेरचा डबा उलटा ठेव, त्याच्या बुडाला आतल्या डब्यापेक्षा जरासं लहान गोल काप, कडेला चिरा दे आणि आतला डबा दाबून बसव, घट्ट बसतो, वेल्डिंग लागतच नाही. आतल्याचं तोंड वर राहिलं पाहिजे आणि बूड जमिनीपासून 2-3 सेंमी उचललेलं, नाहीतर खालून हवाच मिळणार नाही. त्याच्या बुडाला 6-8 मिमीची भरपूर भोकं, आणि वरच्या काठाखाली 2 सेंमीवर 6 मिमीच्या भोकांची एक रांग. बाहेरच्या डब्याला फक्त खालच्या बाजूला 10-12 मिमीची भोकं. खिळ्याने पाडणार असशील तर डब्यात ओली वाळू ठासून भर म्हणजे पत्रा आत चेपत नाही, आणि हातमोजे घालच, कापलेल्या पत्र्याची धार फार वाईट असते.

पेटवायची वरून, हे लोक विसरतात. बोटभर लांब, करंगळीएवढ्या जाड काटक्या वरच्या भोकांच्या खालपर्यंत भर, वर कापराच्या दोन वड्या आणि बारीक काड्या ठेवून पेटव, आग हळूहळू खाली उतरते. वाळलेली कारवी मस्त जळते. लाकूड कोरडं असेल तर लिटरभर पाण्याला उकळी यायला साधारण 100 ग्रॅम पुरतं, म्हणजे दोनेक मुठी.

रानजाई:
वरचं बरोबर आहे पण डबा निवडताना जपा. जस्ताच्या पत्र्याची बादली, डबा अजिबात नको, जस्त तापलं की निघणारा धूर नाकात गेला तर ताप भरतो. रंगवलेला डबा असेल तर पहिल्यांदा मोकळ्यावर रिकामाच चांगला पेटवून रंग पूर्ण जाळून टाका, त्यावर स्वयंपाक नंतर.

आणि ही शेगडी तंबूत किंवा गुहेत लावायची नाही, धूर दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं चालेल, पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना वास ना रंग, झोपेत माणूस जातो. हिवाळ्यात गुहेत झोपणारे हेच करताना दिसतात आणि बघून धस्स होतं. जळण गोळा करताना बिब्ब्याची काटकी ओळखून बाजूला टाका, चीक अंगावर उततो.

वळणवाट:
हरिश्चंद्रगडाला ही नेऊच नको. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, भीमाशंकर आणि कोयनेचंही तसंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला सरळ बंदी आहे. कायदा राहू दे बाजूला, पावसाळा संपला की डोंगरावरचं गवत वाळत जातं, जानेवारीनंतर एक ठिणगी पुरते, अख्खा उतार काळा होतो आणि त्यात जमिनीवरची घरटी, सरडे, रोपं सगळं जातं. तिथं पाचनईत किंवा खिरेश्वरात जेवण सांगून ठेव, गावातल्यांना चार पैसे मिळतात. शेगडी शेतावर, नदीकाठी, जिथं परवानगी आहे तिथं वापर. खाली ताटली ठेव म्हणजे निखारा जमिनीवर पडत नाही, निघताना राखेवर पाणी ओतून हात लावून बघ, कोमट लागली तरी परत ओत.

गडवेडा_सातारा:
वळणवाट, हे डोक्यातच नव्हतं, आभारी आहे. हरिश्चंद्रगडाला पाचनईत जेवू, शेगडी आमच्या मळ्यावरच्या मुक्कामाला काढतो. पाच जणांची खिचडी होईल का यावर?

काटकी_कोळसा:
होईल पण सारखं बसून काटक्या घालाव्या लागतील. डाळ-तांदूळ दोनेक तास आधी भिजत घाल, चांगल्या चार उकळ्या आल्या की झाकण लावून पातेलं जाड चादरीत गुंडाळून अर्धा तास ठेव, आपोआप शिजते. पातेलं डब्याच्या काठावर टेकवू नकोस, आग गुदमरते आणि परत धूर. तीन लांब बोल्ट लावून 2-3 सेंमी उचल, त्याच फटीतून काटक्या सरकवता येतात.

मळ्यावरच वापरायची तर वजनाचा प्रश्न नाही, मग रॉकेट स्टोव्हच कर. लॅरी विनिआर्स्की यांनी अमेरिकेत ओरेगॉनच्या अप्रोवेचो संस्थेत 1980 च्या दशकात तो तयार केला. आपल्याकडे तेलाचा 15 लिटरचा पत्र्याचा डबा घे, आत 10 सेंमी व्यासाचा इंग्रजी एलच्या आकाराचा पाइप, आडव्या तोंडातून लांब काटक्या, उभ्या तोंडावर पातेलं, आणि पाइपभोवती कोरडी राख गच्च भर. माती नको भरू, ती उष्णता पिऊन घेते. मोठं पातेलं आरामात चढतं.

रानजाई:
पातेल्याला चढवण्याआधी बाहेरून राख-मातीचा पातळ लेप द्या, नंतर काजळी नुसत्या पाण्याने निघते.