सूर मारणाऱ्या खंड्याचे (किंगफिशरचे) छायाचित्र: पाण्याला टेकण्याआधीचा क्षण मिळत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरपासून मी जवळजवळ प्रत्येक रविवारी पहाटे पुण्याहून कवडीपाटला (मुळा-मुठा नदीवरच्या जुन्या बांधाजवळ) जाऊन छोट्या खंड्याचा सूर टिपण्याचा प्रयत्न करीत आहे. फांदीवर बसलेल्या आणि मासा घेऊन परतलेल्या खंड्याची छायाचित्रे मनासारखी मिळतात. परंतु चोच पाण्याला टेकण्यापूर्वीच्या शेवटच्या वीतभर अंतरातला, पंख अंगालगत ओढून घेतलेला पक्षी एकदाही सुस्पष्ट आलेला नाही. एक तर पक्षी चौकटीत नसतो किंवा नुसता पाण्याचा फवारा उरतो.

माझ्याकडे निकॉन डी५०० आणि त्याच कंपनीची २००-५०० मिलिमीटरची लेन्स आहे. शटर स्पीड १/३२०० सेकंद, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ ५.६ आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटो ठेवतो. थंडीत ऊन बांधाच्या दगडांवर पोहोचेपर्यंत आयएसओ फार चढतो आणि छायाचित्रात दाणे दिसतात, म्हणून शटर स्पीड आणखी वाढवण्याचे धाडस होत नाही.

ज्या मादीवर मी लक्ष ठेवून आहे (चोचीचा खालचा भाग तांबूस असल्यामुळे ती मादी, हे दुर्बिणीतून सहज कळते) ती पाण्यापासून सुमारे दीड मीटर उंचीच्या एका सुक्या फांदीवर बसते. सूर मारण्यापूर्वी ती मान दोन-तीनदा खालीवर करते, पिसे अंगाशी घट्ट आवळून घेते आणि अचानक बारीक दिसू लागते. ही खूण ओळखायला मला दीड महिना लागला. पण खूण कळूनही हाती काही लागत नाही, म्हणून मी घरी बसून हिशेब मांडला. एखादी वस्तू दीड मीटरवरून नुसती खाली पडली तरी साधारण ०.५५ सेकंदात पाण्याला टेकते आणि टेकताना तिचा वेग सेकंदाला पाच मीटरच्या वर असतो; खंड्या तर पंख मारत झेपावतो. माझा कॅमेरा सेकंदाला १० चौकटी घेतो, म्हणजे शेवटच्या टप्प्यात दोन चौकटींच्या मधे पक्षी अर्ध्या मीटरहून अधिक अंतर कापून गेलेला असतो. मला हवी असलेली वीत त्या अर्ध्या मीटरच्या निम्मीही नाही. याचा अर्थ, बटण अगदी वेळेवर दाबले तरी निम्म्याहून अधिक सुरांत तो क्षण दोन चौकटींच्या फटीत निसटणार. माझा हा हिशेब कुठे चुकत असेल तर कृपया दाखवून द्यावे.

दुसरी अडचण फोकसची आहे. पक्ष्याच्या मागे फोकस पळवण्याऐवजी तो जिथे बहुधा उतरतो त्या पाण्यावर, म्हणजे बांधालगतच्या एका काळ्या दगडाशेजारी, मी आधीच फोकस लावून ठेवतो आणि ऑटोफोकस बंद करतो. बारा मीटर अंतरावर ५०० मिलिमीटरला एफ ५.६ वर फोकसची खोली (सुस्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी) जेमतेम १३ सेंटीमीटर भरते. पक्षी माझ्या समोरून आडवा गेला तर ती पुरते. तो थोडा जरी माझ्या दिशेने आला तर सगळेच धूसर होते. छिद्र लहान करून एफ ८ केल्यास खोली १८ सेंटीमीटरच्या आसपास जाते, पण उजेड निम्मा होतो.

माझे प्रश्न असे आहेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात आपण एफ ८ आणि चढा आयएसओ पत्करता, की छिद्र मोठे ठेवून पक्षी आडवा येण्याची वाट पाहता? बटण दाबण्यापूर्वीच्या चौकटी साठवून ठेवणारा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा ज्यांनी या कामासाठी वापरला आहे, त्यांना इलेक्ट्रॉनिक शटरमुळे पंख वाकडे दिसण्याचा त्रास झाला का? आणि आधी काळ्या-पांढऱ्या कवड्या खंड्यावर हात बसवावा, असे एका ज्येष्ठ मित्राने सुचवले आहे. तो हवेत एका जागी फडफडत थांबून मग सरळ खाली येत असल्याने वेळ मिळतो, हे खरे. पण कवडीपाटला तो नदीच्या मध्यभागी, फार लांब सूर मारतो. पाषाण तलावावर जलपर्णी नसलेल्या भागात तो काठाजवळ येतो का?

टबात जिवंत मासे सोडून पक्ष्याला खाली बोलावण्याची युक्ती मला सुचवू नये, ही विनंती. ती मादी मासा फांदीवर आपटून, उलटा फिरवून, डोक्याकडून गिळते ते मी अनेकदा पाहिले आहे. तो मासा तिने स्वतः हेरलेला असावा, एवढा माझा आग्रह आहे. पाण्याजवळ एखादी सुकी काठी रोवून ठेवणे मात्र योग्य की अयोग्य, याविषयी माझे मत अजून ठरलेले नाही. आपण ते केले असल्यास, पक्षी किती दिवसांनी त्या काठीवर बसू लागला आणि त्याच्या नेहमीच्या जागा त्यामुळे सुटल्या का, हेही कृपया लिहावे.