दवाखान्यातल्या चुका आणि थोडक्यात टळलेले प्रकार देशपातळीवर नोंदवायचे तर पीएचसीतले (प्राथमिक आरोग्य केंद्रातले) लोक खरंच नोंदवतील का?

वर्धेकडचा_डेव्हलपर:
नमस्कार मंडळी. आमच्या टीमला एका संस्थेसाठी टिपण लिहून द्यायचं आहे. विषय असा की चुकीचं इंजेक्शन, पेशंट बेडवरून पडणं, ऑक्सिजन संपणं, आणि जे घडता घडता राहिलं तेही, हे सगळं नोंदवायची एक राष्ट्रीय माहिती प्रणाली कशी असावी. वाचून काढलं तर आपल्याकडे तुकड्या-तुकड्यानं बरंच काही आहे असं दिसतं. औषधाच्या दुष्परिणामासाठी २०१० पासून फार्माकोव्हिजिलन्स आहे, गाझियाबादवरून चालतं, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबरही आहे. रक्तासाठी २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स, उपकरणांसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स, लसीनंतरच्या त्रासाचं वेगळं, मातामृत्यूचं वेगळं. आणि २०१८ च्या पेशंट सेफ्टीच्या राष्ट्रीय आराखड्यातही घटना नोंदवून त्यातून शिकायची यंत्रणा उभी करा असं म्हटलंय. पण रात्रपाळीत सलाईन चुकलं तर ते कुठं लिहायचं, याला एक जागा नाही. सर्व्हर, डॅशबोर्ड आम्ही करू हो, पण उपकेंद्र, पीएचसी, ग्रामीण रुग्णालय इथले लोक भरतील का? नसतील भरणार तर काहून नाही? दिल्लीत बसून लिहिलेलं आपल्याकडे चालत नाही म्हणून इथं विचारतोय.

सिस्टर_यवतमाळ:
दादा नाही भरणार, सरळच सांगते. आमच्याकडे भरायची सरकारी पोर्टलं आधीच किती: दवाखान्याच्या आकड्यांचं एचएमआयएस आहे, माता-बालकांचं आरसीएच आहे, साथरोगांचं आयएचआयपी आहे, बीपी-शुगरसारख्या आजारांचं एनसीडीचं पोर्टल आहे, त्यात रजिस्टर वेगळे, आणि रेंज नसली की दिवसभराचं सगळं घरी जाऊन रात्री भरायचं, त्यात तुमचं अजून एक पोर्टल आलं लॉगिन-पासवर्डवालं तर ते महिन्याच्या शेवटी "निरंक" म्हणूनच जाईल.

पण नोंदवायला पाहिजे हे मला मनापासून वाटते, त्याचं कारण सांगते. लेबर रूममधे बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के देतात, १ मिग्रॅ, मांडीत. आणि आईला रक्तस्राव थांबायसाठी मेथर्जिन लागू शकते. दोन्ही उजेडानं खराब होतात म्हणून दोन्ही ब्राऊन काचेच्या छोट्या अँप्युलमधे येतात. मधे एकदा नवीन स्टॉक आला, दोन्हीची लेबलं जवळपास सारखी, अक्षरं बारीक, आणि लाइट गेलेली. माझ्या सोबतच्या सिस्टरनं बाळासाठी अँप्युल उचलली, फोडायच्या आधी मोबाईलच्या उजेडात नाव वाचलं तर मेथर्जिन. बाळाला ते गेलं असतं तर श्वास थांबू शकतो, झटके येऊ शकतात. आम्ही त्याच रात्री मेथर्जिनच्या डब्याला लाल चिकटपट्टी लावली, ट्रे वेगळे केले. झालं आमच्यापुरतं. पण तोच स्टॉक बाजूच्या पीएचसीत गेला असेल, बाजूच्या जिल्ह्यात गेला असेल, त्यांना कोण सांगणार? आम्ही त्यांना फोन केला, पण फोन तरी किती ठिकाणी करणार. असं सांगायला एक जागा असती तर दोन दिवसात अख्ख्या राज्याला कळलं असतं की हे लेबल बघून घ्या.

म्हणून फॉर्म एवढाच ठेवा: काय झालं, कुठं, कधी, पेशंटला काय झालं, तुम्ही काय केलं. अँप्युलचा फोटो टाकता आला पाहिजे, बोलून रेकॉर्ड करता आलं पाहिजे, आणि रेंज नसताना मोबाईलमधेच राहून नंतर आपोआप गेलं पाहिजे. आमच्या उपकेंद्राच्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) एवढं जमते, मला पण जमते.

एमओ_मेळघाट:
सिस्टरांनी फॉर्मचं बरोबर सांगितलं, पण मी म्हणतो फॉर्म हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न भीतीचा. ३१ जानेवारी २०२१ ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ लेकरांना हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरं वाचली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातमी संपली. आता बघा, त्या वर्षी कोरोनामुळं देशातल्या बूथबूथवर सॅनिटायझरची बाटली ठेवलेली होती, म्हणजे हा धोका सगळीकडेच होता. दुसऱ्या कुठल्या बूथवर कोणाचा हात त्या बाटलीवर जाऊन ऐनवेळी थांबला असेल तर तो माणूस सांगेल का? कशाला सांगेल, खुलासा मागवतील, नोटीस येईल, वेतनवाढ थांबेल.

डेन्मार्कनं यासाठी कायदाच केला, २००४ पासून लागू आहे. कर्मचाऱ्यानं नोंद करणं बंधनकारक, पण नोंद केली म्हणून त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही. आपल्याकडे असं संरक्षण नाही, वरून निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर लागणारं न्याय संहितेचं कलम १०६ डोक्यावर, आणि सिरीयस काही झालं की गेटवर जमाव. तुमच्या टिपणात पहिल्या पानावर हे लिहा की शिकायची नोंद आणि शिक्षेची चौकशी यांची दारं वेगळी पाहिजेत, नोंद डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) किंवा सीएस (जिल्हा शल्यचिकित्सक) ऑफिसच्या आस्थापना शाखेत, जिथून नोटिसा निघतात तिथं, जाताच कामा नये. कोणी दारू पिऊन ड्युटीवर आला, जाणूनबुजून काही केलं, त्याची चौकशी होऊ द्या, त्याला कोणाचा विरोध नाही.

आर्णीचा_कास्तकार:
म्या काही डाक्टर नोहो, पण वाचून राहिलो तं लिवतो. मागच्या पावसाळ्यात माह्या मायले वावरात साप डसला. पयल्या दवाखान्यात गेलो तं सापाचं इंजेक्शन संपलेलं. दुसऱ्यात इंजेक्शन होतं पण द्याले डाक्टर नोयता. मंग गाडी करून मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं जीव वाचला, पाय मात्र अजून सुजते. दवाखान्याईचे नावं नाही लिवत, कोणाले खाली पाहाले लावाचं नाही मले. पण चिठ्ठ्या जपून ठेवल्या अन् पाह्यल्या तं दोन्हीवर येवढंच हाय, "पुढील उपचारासाठी रेफर". इंजेक्शन नोयतं हे कुठीच लिवलेलं नाही. आता तुमीच सांगा भाऊ, हे कोणत्या दवाखान्याच्या खात्यात लिवसान? तेथचे लोक तं म्हणतीन आमच्याकडे काही झालंच नाही, पेशंट पुढं पाठवला. जो वेळ गेला थो रस्त्यानं गेला. हे फक्त आमाले माहीत हाय, नातेवाईकाले. मंग आमाले कायले नाही लिवू देत? अन् लिवलं तं कोणी वाचलं का नाही, येवढं तरी कयलं पायजे.

वर्धेकडचा_डेव्हलपर:
भाऊ, तुमचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता. आम्ही प्रत्येक नोंद एका दवाखान्याच्या कोडला जोडत होतो, रस्त्यातल्या वेळेला कोडच नाही. आता नोंद पेशंटच्या प्रवासाला जोडून बघतो, दवाखाना त्यातला एक टप्पा. आणि नातेवाईकांसाठी फोन नंबर ठेवावाच लागेल, वऱ्हाडी, कोरकू, गोंडीत बोलता येईल असा. डेन्मार्कमधेही २०११ पासून पेशंट आणि घरचे नोंद करू शकतात.

जुना_डेटावाला_अमरावती:
एक गोष्ट राहून जात आहे. नोंदी गोळा करणं सोपं, वाचणं अवघड. इंग्लंडनं २००३ मधे एनआरएलएस ही अशाच घटना नोंदवायची राष्ट्रीय प्रणाली सुरू केली, लाखांनी नोंदी जमल्या, तरी नोंद करून पुढं काय झालं ते आम्हाला कळत नाही ही तिथल्या लोकांची तक्रार राहिली, आणि २०२४ मधे ते बंद करून नवीन प्रणालीवर गेले. पण त्यांचं एक काम घेण्यासारखं आहे: २००२ मधे त्यांच्या पेशंट सेफ्टी एजन्सीनं पहिलाच इशारा काढला तो वॉर्डातून पोटॅशियम क्लोराइडचं काँसंट्रेट (पातळ न करता चुकून टोचलं तर जीव घेऊ शकणारं औषध) हटवायचा. सावधगिरी बाळगा असं सांगून सोडून दिलं नाही, वस्तूच जागेवरून काढायला लावली. तसं पाहिजे. म्हणून म्हणतो जिल्ह्याला नोंदी वाचणारा फुल-टाइम माणूस द्या, फार्मासिस्ट किंवा सिनिअर सिस्टर, आणि ठरवून टाका की प्रत्येक नोंदीला पंधरा दिवसात उत्तर जाईल. पगार बजेटमधे नसेल तर सॉफ्टवेअर करूच नका, मी असे बंद पडलेले पोर्टल बरेच पाहिले.

आणि तालुक्या-तालुक्याची रँकिंग लावू नका हो. ज्या दिवशी कमी नोंदीवाल्या तालुक्याचा सत्कार होईल त्या दिवसापासून नोंदी बंद.

सिस्टर_यवतमाळ:
रँकिंगचं अगदी खरं. आणि दादा, अँप्युलच्या फोटोत बॅच नंबर आपोआप वाचता येईल का ते पण बघा, पण फोटो काढणाऱ्याचं नाव वर कुठंच दिसू देऊ नका.

वर्धेकडचा_डेव्हलपर:
नाव सर्व्हरवर ठेवायचंच नाही, उत्तरासाठी फक्त एक टोकन नंबर द्यायचा, असं करून बघतो. आधी कागदावरचा फॉर्म करतो, पुढच्या आठवड्यात. सिस्टर, तुमच्याकडे एका रात्रपाळीत भरून बघाल का? आणि कास्तकार भाऊ, फोनवर विचारायचे प्रश्न आधी तुम्हालाच विचारतो, चालेल ना?

आर्णीचा_कास्तकार:
चालते. संध्याकाळी सातच्या नंतर करा, तवा वावरातून घरी आलो रायतो.