मदत हवी आहे: घरीच स्पोर्ट्स सायलेन्सर बसवला, आता गाडीत धुराचा वास येतोय

शाहूपुरीकर_११

नमस्कार मंडळी. आधी सगळं सांगून टाकतो, मग शिव्या घाला.

गाडी स्विफ्ट, १.२ पेट्रोल, २०१३ ची, एमएच-११ पासिंग, ९४ हजार किलोमीटर. पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात एक पोलो पुढे गेली. तिचा आवाज कानात बसला तो बसलाच. ऑनलाइन एक युनिव्हर्सल स्पोर्ट्स मफलर मागवला. आत सरळ भोकाभोकांची नळी, भोवती ग्लास वूल, वर एसएस (स्टेनलेस स्टील) असा शिक्का, किंमत साडेचार हजार. ओळखीच्या मेस्त्रींनी हात लावायला नकार दिला. म्हणाले, "तुझी हौस, माझ्या डोक्याला ताप." दिवाळीच्या सुट्टीला मेहुणा आला होता, त्याला धरला आणि अंगणातच काम काढलं.

कॅटच्या (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मागे पाइपचा जो स्प्रिंगवाल्या बोल्टांचा जोड असतो, तो खोलायचा बेत होता. रात्रभर डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवलं. सकाळी एक बोल्ट सुटला, दुसऱ्याचं डोकं पान्यात गोल झालं. मग तो नाद सोडला आणि मागे हॅक्सॉने पाइप कापला. दीड तास गेला, तीन ब्लेडं गेली. विकणाऱ्याच्या व्हिडिओत मधला छोटा सायलेन्सर पण काढा, आवाज खुलतो असं सांगितलं होतं, म्हणून तोही काढला. त्याजागी सरळ पाइप आणि यू-क्लॅम्प. टांगायची रबरं स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना बोटं सोलली. शेवटी शेजारच्या काकूंनी भांड्याच्या साबणाचं पाणी दिलं आणि दोन मिनिटांत निघाली.

पहिला स्टार्ट मारला तेव्हा खरंच अंगावर काटा आला. पण आता तीन गोष्टी होतायत.

सकाळी गार गाडी चालू केली की ड्रायव्हरच्या पायाखालून टिक-टिक-टिक येतं, पाचेक मिनिटांत बंद होतं. हायवेला पाचव्या गिअरला ८० च्या आसपास गाडीत घूंऽऽ असा घुमारा भरतो. कराडला जाऊन येईपर्यंत बायकोने कानात बोटं घातली होती. आणि तिसरं, ज्यासाठी खरं तर लिहितोय: खिडकी थोडी उघडी असली की मागच्या सीटवर धुराचा वास येतो. आई मागे बसते. वाईहून येताना म्हणाली, डोकं जड झालंय. घाटात तिला लागतंच, म्हणून मी मनावर घेतलं नाही. काल मी स्वतः मागे बसलो.

टिकटिक आणि वास एकाच लीकेजचे का? एक्झॉस्ट पेस्ट थापून भागेल का? जुने तुकडे माळ्यावर ठेवलेत, टाकलेले नाहीत.

पाना_१२_१३

आधी गाडी उभी कर. बाकी सगळं नंतर.

वास येतोय हे तुझं नशीब. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला स्वतःला वास नसतो आणि रंगही नसतो. तुला जो येतोय तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा. डोकं जड होणं, मळमळ, पेंग ही त्याचीच लक्षणं. घाट लागल्यासारखंच वाटतं, म्हणून तर माणूस फसतो. आईंना तोवर गाडीत बसवू नकोस. आणि तपासताना गाडी शेडमध्ये किंवा शटरच्या आत चालू ठेवू नकोस, मोकळ्या अंगणात काढ.

चेक इंजिनचा दिवा लागलाय का?

शाहूपुरीकर_११

नाही, दिवा नाही. अ‍ॅव्हरेजपण तेवढंच आहे.

वडाप_बंद_झालं

गाडी उचलली कशावर ते नाही सांगितलं भावा.

शाहूपुरीकर_११

गाडीतल्याच जॅकवर. आणि खाली विटा रचल्या होत्या. पुढच्या चाकांना दगड होते.

वडाप_बंद_झालं

विटा! लेका, बावीस वर्षं जीप चालवली मी, निम्मं आयुष्य गाडीखाली गेलं. वीट दबत नाही, वीट फुटते. सांगून फुटत नाही. सिमेंटचा ब्लॉक पण तसाच. गाडीबरोबर येतो तो जॅक पंक्चर काढायला असतो, खाली झोपायला नाही. एक तर जोडीचे लोखंडी स्टँड आण, नाहीतर गाडी धुवायच्या रॅम्पवर तासभर जागा माग, शंभर-दोनशे देऊन कोणीही देतो. आणि उचललेली गाडी आधी बाहेरून दोन्ही हातांनी हलवून बघायची, मगच डोकं आत. काढलेलं चाक कडेच्या पट्टीखाली आडवं सारून ठेवायचं. स्टँड दगा दिला तर गाडी चाकावर बसंल, तुझ्यावर नाही.

शाहूपुरीत सपाट अंगण तरी कुठं असतंय? त्यात अजून भर.

कुपवाडचा_फिटर

मी कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये आहे. सायलेन्सर आमचं रोजचं काम नाही, पण पाइप आणि जोड म्हणाल तर दिवसभर तेच.

तुमची टिकटिक आणि तुमचा वास हे दोन वेगळे आजार असावेत असं मला वाटतं. टिकटिक गार असताना येते आणि तापल्यावर जाते, म्हणजे कुठला तरी जोड किंचित उघडा आहे. धातू तापून फुगला की फट मिटते. जागाही तुम्हीच सांगितलीत, पायाखाली. एक बोल्ट सोडवलात, दुसरा गोल झाला म्हणून तसाच ठेवलात, आणि मागून पाइप कापल्यावर पुढचा तुकडा त्या एकाच जोडावर लोंबकळत राहिला असणार. त्या जोडात एक गोल रिंग गॅस्केट असतं. इंजिन हलतं तेव्हा पाइपला थोडं वाकता यावं म्हणून तिथे स्प्रिंग असतात. एका बाजूची स्प्रिंग ढिली, वर पाइपचं वजन, मग गॅस्केटची कड तुटणारच. तिथे पेस्ट चालत नाही, तो जोड हलता आहे. नवी रिंग, दोन्ही बोल्ट नवे.

दिवा लागला नाही ही चांगली खूण आहे. लीकेज ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असतं तर बाहेरची हवा आत ओढली गेली असती, सेन्सरला वाटलं असतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयूने (इंजिनाच्या कॉम्प्युटरने) पेट्रोल वाढवलं असतं. अ‍ॅव्हरेज पडलं असतं. म्हणजे फट सेन्सरच्या मागे आहे. अंदाज जुळतो.

खात्री करून घ्या. सकाळी गाडी पूर्ण गार असताना चालू करायची. एकाने ओल्या फडक्याची जाड घडी सायलेन्सरच्या तोंडावर चार-पाच सेकंद दाबायची, दुसऱ्याने स्प्रेने साबणाचं पाणी जोडांवर मारायचं. जिथे बुडबुडे, तिथे फट. फडकं जास्त वेळ धरायचं नाही, आणि गरम गाडीवर तर मुळीच नाही. कॅट चालू गाडीत ४०० डिग्रीच्या वर असतो.

आता घुमारा. फोर स्ट्रोक, चार सिलिंडर, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात दोन ठोके. पाचव्याला ८० वर तुमची गाडी २४०० आरपीएमच्या आसपास असेल. सेकंदाला ४० फेरे, ८० ठोके. तो ८० हर्ट्झचा ठोका आणि गाडीच्या डब्याचा स्वतःचा घुमार जुळला की रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं होतं. मधला जो डबा तुम्ही माळ्यावर टाकलात त्याचं कामच हे होतं: आलेली लाट आत उलटी फिरवून पुढच्या लाटेवर आपटायची. ग्लास वूलचा मफलर वरचा कर्कश आवाज गिळतो, खालच्या घुमाऱ्याला तो फारसा उपयोगी नाही. तेव्हा मधला डबा परत बसवा. आवाज खुलतो म्हणणारा माणूस तुमच्या गाडीत बसून कराडला गेलेला नाही.

जोडताना क्लॅम्प नको, आर्गन वेल्डिंग करून घ्या. मफलरला चुंबक लावून बघा. चिकटला म्हणजे लोखंडच असं नाही, कंपनीच्या सायलेन्सरला वापरतात त्या ४०९ ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटतो. नाही चिकटला म्हणजे चांगलं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस असंही नाही, स्वस्तातलं २०१ सुद्धा चिकटत नाही आणि दोन पावसाळ्यांत गंजतं. वेल्डरला फक्त एवढं सांगा की एक बाजू साधं लोखंड, एक बाजू एसएस, तर ३०९ ची तार वापर. आणि गाडीवर वेल्डिंग लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा.

वासाबद्दल एक प्रश्न: नव्या सायलेन्सरचं तोंड बंपरच्या बाहेर येतं की आतच संपतं?

नियमावर_बोट

रंगाचा बेरंग करतो, पण मेस्त्री चुकले नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आवाज-धुराचे नियम मोडल्याबद्दल १९०(२) वेगळं: पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. पीयूसी निघाली म्हणजे आवाज कायदेशीर झाला असं काहींना वाटतं. पीयूसीत धूर मोजतात, आवाज मोजत नाहीत.

पाना_१२_१३

आणि १.२ ला या सगळ्याने ताकद किती वाढणार, तर विचारूच नका. दोन-तीन घोडे वाढले तरी खूप. बाकीचे कानात पळतात.

शाहूपुरीकर_११

दोन दिवस गाडी बाहेर काढली नाही. आज रविवार, साबणाचं पाणी केलं. मेहुणा गेला, म्हणून शेजारच्या काकांनी फडकं धरलं.

पुढच्या स्प्रिंगवाल्या जोडावर, जिथे बोल्टचं डोकं गोल झालंय त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला, फेस. अगदी अधणाला उकळी फुटल्यासारखा. मागच्या दोन्ही क्लॅम्पवर एकही बुडबुडा नाही, आणि माझा सगळा संशय क्लॅम्पवर होता.

कुपवाडच्या दादा, तुमचा प्रश्न बरोबर लागला. तोंड बंपरच्या कडेपासून दोन बोटं आत आहे. बंपरच्या आतल्या बाजूला हात फिरवला तर बोटं काजळी लावल्यासारखी काळी. पण धूर तिथून गाडीत कसा येईल? डिकी तर बंद असते.

कुपवाडचा_फिटर

हॅचबॅक पळताना तिच्या पाठीमागे हवेची पोकळी होते, धूर तिथेच घोटाळतो. खिडकी उघडली की गाडीतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची भरपाई जिथून फट मिळेल तिथून होते. डिकीचं रबर बघा. दहाची नोट रबरावर ठेवून डिकी लावा आणि ओढा. अडखळत निघाली पाहिजे. असं चारी बाजूंनी.

शाहूपुरीकर_११

नोट तीन बाजूंना अडकली. डाव्या खालच्या कोपऱ्यात नुसती सुळ्ळकन बाहेर.

गेल्या वर्षी रिव्हर्स कॅमेरा लावला होता, तोही घरीच. वायर रबराखालून आत घेतली होती. म्हणजे फट वर्षभर तिथेच होती. कंपनीचा सायलेन्सर धूर लांब फेकत होता, म्हणून कळलं नाही.

वडाप_बंद_झालं

घरीच, घरीच. 😄

शाहूपुरीकर_११

अपडेट. रॅम्पवर गेलो, काका, विटा नाहीत. कॅमेऱ्याची वायर ग्रोमेटमधून (पत्र्याच्या भोकातल्या रबरी रिंगमधून) घेतली, नोट आता सगळीकडे अडकते. माळ्यावरचे दोन्ही तुकडे, मधला डबा आणि मागचा कंपनीचा सायलेन्सर, आर्गन करून परत जोडले. स्पोर्ट्सवाला पुन्हा लावायचा मोह झाला होता. आईने विचारलं, "आता त्या गाडीत बसू का?" आणि विषय संपला. पाइपवरचा उष्णतेचा पत्रा खडखडतो म्हणून काढला होता, तोही परत लावला. त्याच्या वरच पेट्रोलची टाकी आहे हे खाली झोपल्यावर नीट दिसलं.

आता एकच अडकलंय. रिंग आणि बोल्ट नवे आणलेत, पण तो गोल झालेला बोल्ट काढताना डोकं तुटलं. फ्लॅन्जच्या (जोडाच्या चपट्या कडेच्या) बाहेर सेंटीमीटरभर दांडा शिल्लक आहे. ड्रिल मारू का?

कुपवाडचा_फिटर

ड्रिल नको, मध्य चुकला की फ्लॅन्जचे आटे जातील. तुटक्या दांड्यावर एक नट ठेवायचा आणि नटाच्या आतून वेल्ड भरून घ्यायचा. लाल असताना हात लावू नका, थोडं निवलं की पाना लावून आधी घट्टच्या दिशेला कणभर, मग उलटा. त्या उष्णतेनेच गंज सुटतो. नव्या बोल्टाला कॉपर ग्रीस लावा.

शाहूपुरीकर_११

निघाला. दुसऱ्या नटाला. पहिला तुटून रॅम्पखालच्या गटारात गेला.

आज सकाळी गार स्टार्ट मारला, खाली कान लावून बसलो. टिकटिक नाही. स्पोर्ट्स मफलर सहा दिवस वापरलेला, खोक्यासकट पडून आहे. पण कोणाला विकू, तेही आता बरं वाटत नाही.