माउंट सॉलिटरी एका दिवसात: कितपत शक्य?

प्रश्न: सिडनीत राहून सह्याद्रीतील घाटवाटांची उणीव भासते. त्यामुळे ब्लू माउंटन्समधील कटूंबा गावाहून गोल्डन स्टेअर्स या दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेने माउंट सॉलिटरी या डोंगरावर जाऊन त्याच दिवशी परतण्याचा विचार आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: शक्य आहे, मात्र पहाटे निघावे. आपल्या गडांवर दमछाक आधी होते आणि परतीला उतार मिळतो. येथे पठारावरून आधी दरीत उतरायचे असल्याने खरा चढ थकलेल्या पायांनी, बहुधा उन्हे कलल्यावर चढावा लागतो. रुइन्ड कासल या खडकांच्या सुळक्यांपर्यंतची वाट सरळ आहे. त्यापुढे कोरोवाल नाइफ-एज या अरुंद धारेवर हातापायांनी कातळ चढावा लागतो, आणि पाऊस पडून गेला असेल तर तेथूनच मागे फिरणे मला योग्य वाटते.

प्रतिसाद २: वाटेत पाण्याची खात्री धरू नये; सर्व पाणी सोबत घ्यावे. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून उपग्रहाद्वारे संकटसंदेश पाठवणारे बीकन जवळ असावे. जवळच्या ब्लॅकहीथ गावातील हेरिटेज सेंटर या उद्यानाच्या माहिती केंद्रातून ते विनामूल्य वापरायला मिळते, ही सोय खरोखर मोलाची आहे.

प्रतिसाद ३: निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटा बंद आहेत का, हे अवश्य पाहावे, कारण दरडी आणि वणव्यांमुळे त्या वारंवार बंद होतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा येथील उन्हाळा टाळून मे किंवा सप्टेंबर निवडावा.