रोहूच्या पोटात एवढी चरबी कशी काय?

शेततळेवाला: काल रोहू साफ करताना आतड्याभोवती पिवळट चरबीचा थर निघाला, बोटांना नुसता चिकटत होता, खायला भाताचा कोंडा नि शेंगदाणा पेंड घालतो, मग हे जीन्समुळे की खाद्यामुळे?

मत्स्यविद्यार्थी: दोन्ही, दादा. स्टार्च जास्त झाला की लिव्हरमध्ये एसआरईबीपी-१ नावाचं प्रोटीन चरबी बनवणारी जीन्स चालू करतं, चरबी जाळणारी जीन्स पीपीएआर-अल्फा नावाच्या दुसऱ्या प्रोटीनच्या ताब्यात, खाणं जास्त नि खर्च कमी असला की साठतंच. कोंडा जरा कमी करून बघा.

गोदाकाठ: पण नदीतल्या माशात ओमेगा-३ नसतंच ना?

मत्स्यविद्यार्थी: असतं हो! एफएडीएस२ आणि ईएलओव्हीएल५ या जीन्सच्या जोरावर रोहूसारखे कार्प मासे जवसासारख्या तेलातल्या ओमेगा-३पासून थोडं ईपीए, डीएचए (माशांच्या तेलात असतात ती ओमेगा-३ची रूपं) स्वतःच बनवतात, बऱ्याच समुद्री माशांना ते फारसं जमत नाही.

शेततळेवाला: मग पेंडीत थोडी जवसाची पेंड मिसळून बघतोच.