ग्लासमधली सोया मेणबत्ती: मेण बदलू की वात?

मेणचट

ग्लासमध्ये ओतायच्या सुगंधी मेणबत्त्या करतोय आणि वातीच्या नंबरावर गाडी अडली आहे. तपशील देतो.

ग्लास सरळ भिंतींचा, आतला व्यास ७.५ सेमी, उंची ९ सेमी. मेण ७ सेमीपर्यंत भरतो. मेण गोल्डन वॅक्स ४६४ हे सोया मेण, फ्लेक्सच्या रूपातलं. सुगंधी तेल व्हॅनिला-चंदन, २५० ग्रॅम मेणाला ३० मिली. वाती दोन करून बघितल्या, सीडी ८ आणि सीडी १६ (सीडी ही वातींची एक मालिका, नंबर मोठा तशी वात मोठी).

सीडी ८ ला मधोमध विहीर पडते. कडेला सेंटिमीटरभर मेण भिंतीसारखं उभं राहतं आणि तिसऱ्या खेपेला ज्योत स्वतःच्याच मेणात बुडून विझते. सीडी १६ ला तासाभरात ग्लासभर मेण पातळ होतं, पण ज्योत नाचते, वातीच्या टोकाला काळा गोळा धरतो आणि ग्लासच्या तोंडाशी काजळी जमते.

याशिवाय तीन तक्रारी. गार मेणबत्तीचा वास मस्त, पेटवली की जवळजवळ गायब (ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी पेटवली होती). वरच्या थरावर तेलाचे बारीक थेंब दिसतात. आणि काचेवर कुठे पांढरी नक्षी, कुठे ओले असल्यासारखे डाग.

मेण बदलावं की वात?

---

वातकुक्कुट

मेण बदलू नका. ४६४ हे भांड्यात ओतण्यासाठीच बनवलेलं मेण आहे, साधारण ४६ ते ४८ अंशांना वितळतं, मऊ असतं आणि काचेला धरून राहतं. सोया मेण घेताना बघायची मुख्य गोष्ट तीच. साच्यातून काढायच्या उभ्या मेणबत्त्यांचं सोया मेण वेगळं. ते कडक असतं आणि गार होताना आक्रसतं, म्हणजे साच्यातून सुटतं. तेच ग्लासात ओतलं तर काचेपासूनही सुटणार. पाकिटावर नुसतं ‘सोया वॅक्स’ लिहिलेलं असेल आणि कशासाठी ते लिहिलेलं नसेल, तर ते घेऊ नये.

दुसरा फरक भेसळीचा. भेसळ हा शब्द इथे वाईट अर्थाने नाही. ४६४ मध्ये सोयाबरोबर थोडे पूरक घटक घातलेले असतात, त्यामुळे वरचा थर गुळगुळीत येतो. त्याच घराण्यातलं ४१५ हे निव्वळ सोया. त्यावर पांढरी नक्षी जास्त उमटते आणि जळून गार झाल्यावर वरचा थर खडबडीत होतो. सुरुवातीला ४६४ बरं.

आता वात. तुम्ही ८ वरून थेट १६ वर उडी मारलीत. मधे १०, १२ आणि १४ आहेत आणि तुमचं उत्तर बहुधा त्यांतच आहे. ७.५ सेमी व्यासाला ४६४ मध्ये सीडी १२ पासून सुरुवात करतात. पण एकच वात आणू नका. १०, १२, १४ अशा तिन्ही आणा, तीन सारखे ग्लास एकाच भांड्यातल्या मेणाने भरा आणि फरक फक्त वातीचा ठेवा. तेलाचं प्रमाण, ओतण्याचं तापमान आणि वात असं सगळं एकदम बदललं की कशामुळे काय झालं हे कधीच कळत नाही.

काळा गोळा का धरतो? वात मेण वर ओढते तेवढं ज्योतीला जाळता येत नाही, उरलेला कोळसा टोकावर साचतो. विहीर पडते तिथे उलट कारण: ज्योतीची उष्णता कडेपर्यंत पोचत नाही. पातळ झालेलं सोया मेण पॅराफिनपेक्षा दाट असतं, वातीतून हळू चढतं. म्हणून पॅराफिनच्या तक्त्यावरून निवडलेली वात सोयात हमखास कमी पडते. जस्ताची तार घातलेल्या वाती सोयात याच कारणाने रडतात. सीडी, इको आणि एचटीपी या कापूस-कागदाच्या चपट्या विणीच्या वाती सोयाला मानवतात. विणच अशी असते की जळताना टोक वाकून ज्योतीच्या बाहेरच्या गरम भागात जातं आणि तिथे आपोआप झडतं. शिवणाचा दोरा किंवा पिळाची सुतळी मेणात बुडवून हे साधत नाही.

---

अंशमापी

वर सगळं बरोबर, पण पहिला दोष वातीचा नाही, मापाचा आहे. तेल मिलीत मोजू नका, ग्रॅममध्ये तोला. सुगंधी तेलांची घनता सारखी नसते. काही पाण्यापेक्षा हलकी, काही जड. तुमचे ३० मिली म्हणजे २५० ग्रॅम मेणाला १२ टक्क्यांच्या आसपास झाले. वर आलेले थेंब म्हणजे मेणाला न पेललेलं तेल आहे. ते वातीत शिरून तिला तुंबवतं, म्हणजे तुमच्या दोन्ही चाचण्या त्याने आधीच बिघडवलेल्या आहेत. शिवाय पृष्ठभागावर मोकळं तेल असलेली मेणबत्ती पेटवणं धोक्याचं.

हिशोब असा. ग्लास वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, मेण जिथवर हवं तिथवर पाणी भरा. तुमच्या ग्लासात साधारण ३१० ग्रॅम पाणी मावेल. मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याला ०.८६ ने गुणा: २६७ ग्रॅम. हे मेण आणि तेल मिळून वजन. ८ टक्के तेल घालायचं तर २६७ भागिले १.०८, म्हणजे मेण २४७ ग्रॅम आणि तेल २० ग्रॅम. टक्केवारी मेणाच्या वजनावर धरतात, एकूण वजनावर नाही. पहिली खेप ६ टक्क्यांवर करून बघा (मेण २५२, तेल १५). १० च्या वर जाऊ नका. तेल विकणाऱ्याकडून इफ्राचं (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांचं) प्रमाणपत्र मागा आणि त्यात वर्ग १२ समोरची मर्यादा वाचा, मेणबत्त्या त्या वर्गात येतात.

ग्लास नीट पुसून पूर्ण कोरडा करा. गरम मेणात पाण्याचा थेंब गेला तर तडतडतो, आणि वातीत पाणी शिरलं तर ती फुरफुरत जळते.

वासाचं कारण घाईत आहे. सोया मेण ओतल्यावर मुरू द्यावं लागतं. झाकण लावून किमान एक आठवडा, व्हॅनिलासारख्या जड सुगंधाला दोन. दुसऱ्या दिवशी पेटवून दिलेला निकाल वातीबद्दल थोडंफार सांगतो, वासाबद्दल काहीच नाही.

---

काजवा

मुरवणं मान्य. पण तेल कितीला घालायचं? वास उडून जाऊ नये म्हणून मेण ६० अंशांवर आल्यावरच घालावं असं सगळीकडे वाचलंय. तेलाच्या बाटलीवर ज्वलनांक लिहिलेला असतो, त्याच्या खाली राहायचं ना?

---

अंशमापी

@काजवा, ही समजूत सगळ्यात चिवट. ज्वलनांक म्हणजे तेल ज्या तापमानाला उडून जातं ते नव्हे. तेवढ्या तापमानाला तेलावरची वाफ ठिणगी मिळाली तर पेट घेऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ. साठवणूक आणि वाहतुकीला तो आकडा महत्त्वाचा. अर्थात म्हणूनच उघड्या आचेशेजारी तेल ओतायचं नाही, भांडं आचेवरून उतरवून बाजूला घ्यायचं.

४६४ चा क्रम: पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण ८५ अंशांपर्यंत न्या. आच बंद करून भांडं उतरवा आणि लगेच तेल घाला. दोन मिनिटं संथ ढवळा, फेटू नका, हवा कोंडते. मग ५७ अंशांच्या आसपास आलं की ओता. ६० ला तेल घातलं तर ते मेणात सारखं मिसळत नाही आणि खाली किंवा कडेला साचू शकतं. दोन मिनिटांत जेवढा वास उडेल तो या नुकसानापुढे काहीच नाही. अंदाजाने नाही, थर्मामीटर लावून. आणि त्याचं टोक भांड्याच्या बुडाला टेकवू नका, आकडा खोटा येतो.

---

मेणचट

काटा काढला, मिलीचा नाद सोडला. वात ठरवायची चाचणी नेमकी कशी घ्यायची? सीडी १६ ने तासाभरात कडेपर्यंत वितळलं ते चांगलं लक्षण वाटलं होतं.

---

वातकुक्कुट

उलट आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. पहिल्या जळण्यावर वात निवडायची नसते. भरलेल्या ग्लासात ज्योत मोकळ्या हवेत असते, उष्णता वर निघून जाते. मेण अर्ध्यावर आलं की ज्योतीभोवती काचेची भिंत उभी राहते, उष्णता आतच कोंडते आणि तीच वात जास्त तापू लागते. वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये अगदी बरोबर वाटणारी वात खालच्या अर्ध्यात मोठी ठरते. म्हणून पहिल्या वेळी थोडी कमी वाटते तीच बहुधा बरोबर असते.

वात ५-६ मिमी कातरून पेटवा. पंखा, खिडकी, येजा यांपासून लांब, आणि तीन ग्लासांमध्ये हातभर अंतर. दर तासाला लिहा: वितळलेल्या तळ्याचा व्यास, खोली, ज्योतीची उंची, काच. चार तासांनी विझवा, पूर्ण घट्ट होऊ द्या, वात पुन्हा कातरा, पुन्हा पेटवा. तळाशी १२ मिमी मेण उरेपर्यंत असंच.

पहिल्या चार तासांनंतर कडेला ३ ते ५ मिमीची कड राहिली तर हात लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती वितळून खाली येते. तिसऱ्या खेपेनंतरही सेंटिमीटरभर उभी असेल तर एक नंबर वर. तळ्याची खोली ६ ते १२ मिमी हवी. पहिल्याच खेपेला दीड तासात कडेला टेकलं, किंवा खोली १२ च्या पुढे गेली, तर एक नंबर खाली. काच हात लावू देत नसेल तर चाचणी तिथेच बंद. चार तासांच्या शेवटी टोकावर बारीकसा गोळा दिसला म्हणून वात बाद करू नका. पहिल्या तासाभरात वाटाण्याएवढा धरला तर करा.

व्हॅनिलाबद्दल एक: असली जड तेलं वातीचा वेग कमी करतात. बिनवासाच्या मेणात सीडी १० चालली तरी तुमच्या मिश्रणात १२ लागू शकते. म्हणजे सुगंध बदलला की चाचणी पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही. आणि व्हॅनिलिनमुळे मेण काही दिवसांत पिवळट-तपकिरी होईल. तो दोष नाही.

---

काजवा

सीडीऐवजी इको घेतली तर? टोकावर गोळा कमी धरतो म्हणतात.

---

वातकुक्कुट

माझं मत उलट आहे, ४६४ मध्ये इको गोळा जास्त धरते. पण दाट तेलात ती तग धरते हेही खरं. या व्यासाला इको १० आणि १२ करून बघण्यासारख्या. सीडी १२ म्हणजे इको १२ नव्हे, प्रत्येक मालिकेचे नंबर तिचे स्वतःचे. लाकडी वातीच्या नादी सध्या लागू नका. ती ३-४ मिमीवर कातरावी लागते, जरा लांब राहिली की विझते, आणि सोयात पेटवतानाच दमवते.

---

काचकमळ

डागांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. ते दोन वेगळे प्रकार आहेत.

पांढरी, बर्फाच्या फुलांसारखी नक्षी ही बुरशी नाही. सोया मेण म्हणजे हायड्रोजनेशन केलेलं सोयाबीन तेल, वनस्पतीजन्य स्निग्धच. त्याचे स्फटिक रूप बदलतात तेव्हा ही नक्षी उमटते. जळण्यावर काही परिणाम नाही. रंग घातला की ती जास्त उठून दिसते, बिनरंगी मेणात लपते. पूर्ण घालवता येत नाही. ग्लास ३५-४० अंशांपर्यंत कोमट करून घ्या, ओतल्यावर ग्लास सुटे सुटे ठेवा, गार होताना फ्रिज-पंखा नको.

ओले डाग म्हणजे मेण काचेपासून सुटलेली जागा. काचेवर बोटांचे तेलकट ठसे राहिले किंवा गार काचेत गरम मेण पडलं की होतात. कधी आठवड्याने, खोलीचं तापमान खालीवर झालं तरी येतात. दिसायला वाईट, बाकी काही नाही. यासाठी ओतण्याचं तापमान पाच-पाच अंशांनी बदलत बसू नका, आधी वात ठरवा.

वातीबद्दल राहिलेली गोष्ट: वातीच्या बुडाशी बसवायची पत्र्याची बैठक लांब मानेची घ्या, ९ मिमीची. मेण मानेपर्यंत उतरलं की वातीला मेण मिळेनासं होतं आणि ज्योत आपोआप विझते, काचेचं बूड तापत नाही. बैठक मधोमध चिकटवा आणि मेण घट्ट होईपर्यंत वात वरून आडव्या पट्टीत धरून ठेवा. वात पाच मिमी जरी सरकली तरी एका बाजूची काच जास्त तापते, तडा तिथेच जातो. काच जाड आहे म्हणून उष्णता सोसेल असं नाही. मेणबत्तीसाठी म्हणून विकलेलाच ग्लास घ्या.

मेण पेटलं तर पाणी कधीही ओतू नका. झाकण टाका, आच बंद करा. वितळवताना झाकण हाताशी हवं.

---

मेणचट

सगळ्यांचे आभार. ६ टक्के तेल, ८५ ला मिसळून ५७ ला ओतायचं, सीडी १०-१२-१४, दहा दिवस मुरवून मग पेटवणार. थेंब सुटलेल्या जुन्या मेणबत्त्यांचं मेण पुन्हा वितळवून वापरू का?

---

अंशमापी

चाचणीला नको, त्यात आता नेमकं किती तेल आहे हे कुणालाच माहीत नाही. वरचं तेल कागदाने टिपून घ्या, आणि टाकायचं नसेल तर ते मेण वातीशिवाय, वॅक्स वॉर्मरमध्ये (मेण नुसतं गरम करून वास पसरवणाऱ्या भांड्यात) संपवा.

नवीन तिन्ही ग्लासांच्या बुडाला वातीचा नंबर, तेलाची टक्केवारी आणि ओतल्याची तारीख लिहून चिकटवा. एकदा शेजारी शेजारी जळायला लागले की बारा कुठली आणि चौदा कुठली हे ज्योतीवरून ओळखता येत नाही.