डोक्यात पाइप घातला, गडी बाराव्या दिवशी गेला, मग जीव कुणी घेतला?

शेंगाचटणी१३: एलएलबी सेकंड इयर, सोलापूर. काल पार्क चौकात चहावर वाद पेटलाय तो अजून मिटेना. समजा चादर कारखान्यात दोघांची जुंपली, एकाने लोखंडी पाइप डोक्यात घातला. डॉक्टर म्हणाले ॲडमिट व्हा, पण हा टाके घालून सरळ घरी, वर कुणीतरी पट्टी सोडून हळद भरली, जखम चिघळली आणि बाराव्या दिवशी गेला. मारणारा म्हणतो दवाखान्यात थांबला असता तर वाचला असता की! मित्र म्हणतोय मार ते मरण ही कारणांची साखळी मधेच तुटली. मला काय पटेना.

वकील_अप्पा: मित्राला भारतीय न्याय संहितेचं कलम 100 उघडायला सांग, जुन्या आयपीसीचं (भारतीय दंड संहितेचं) 299. त्यातलं दुसरं स्पष्टीकरण ह्याच्यासाठीच आहे, नीट उपचार केले असते तर मरण टळलं असतं तरी जखम करणाऱ्यानंच मरण घडवलं असं धरतात. मात्र एवढ्यानं लगेच खून होत नाही, पाइप मारताना मनात काय होतं, काय माहीत होतं, ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

यंत्रमाग: अप्पा बरोबर, पण त्या जखमेनंच गेला हे आधी दाखवा की ओ. मोती सिंग केस (1964) वाचा. माणूस दवाखान्यातून बाहेर आला, हल्ल्यानंतर तीनेक आठवड्यांनी वारला आणि पोस्टमॉर्टेम न करताच दहन केलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं जखमेमुळंच मेला हे सिद्धच नाही. त्यामुळं त्याचा जबाब मृत्युपूर्व जबानी म्हणूनसुद्धा चालला नाही, आरोपी सुटले.

शेंगाचटणी१३: म्हणजे माझ्या गड्याचं पोस्टमॉर्टेम पाहिजे, त्यात चिघळणं त्याच जखमेतून आलं असं यायला पाहिजे. आणि भांडण नसून नुसता हलगर्जीपणा असला तर?

वकील_अप्पा: तिथं मरणाचं कारण सिद्ध करण्याबाबत कोर्ट जास्त कडक. कुर्बान हुसेन केस बघ, 1962 ची मुंबईतली रंगाच्या कारखान्याची आग, 7 कामगार गेले. लायसनच्या अटी मोडून बर्नर आणि टर्पेंटाइन एकाच खोलीत, पण भडका उडाला तो एका कामगारानं बिटुमेन (डांबर) गार होऊ न देता त्यात घाईघाईनं टर्पेंटाइन ओतलं म्हणून. मॅनेजर जुन्या आयपीसीच्या 304 अ (हलगर्जीपणानं मृत्यू) मधून सुटला, 285 (आगीबाबत हलगर्जीपणा) ची शिक्षा मात्र राहिली. थेट, जवळचं कारण लागतं, "हे नसतं तर ते झालं नसतं" एवढं पुरत नाही.

यंत्रमाग: आमच्या एमआयडीसीत ही केस फ्रेम करून लावली तर मालक लोक खूश होतील 😄

शेंगाचटणी१३: मित्राला लिंक टाकली, म्हणतोय तरी चहाचे पैसे मी देणार नाही.